बीपीची गोळी आणि कॅल्शियमचं दार

बीपीची ॲम्लोडिपिन गोळी कॅल्शियम अडवते, मग दूध-नाचणी सोडायची का, असं आपल्या गटात बायका विचारतात. मुळीच नाही! गोळीचा हाडांशी संबंध नाही.

आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायूंच्या पेशी असतात. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट. विजेचा बारीकसा इशारा झाला की पेशीचं दार उघडतं, कॅल्शियम आत शिरतं, स्नायू आवळतो, वाहिनी अरुंद होते. आत आलेलं कॅल्शियमच मग दार लावायलाही लावतं, केवढी सोय! गोळी यातली बरीच दारं बंद ठेवते, म्हणून बीपी उतरतं.

पाय सुजले तर डॉक्टरांना सांगू, गोळी बदलता येते. पण बीपी नॉर्मल आलं म्हणून आपणच ती सोडली, तर थोड्या दिवसांत ते पुन्हा चढतं, आणि तेव्हा डोकं दुखेलच असं नाही.