चांद्याचा बर्फ आणि वेगेनरचा खटला



भूगोल शिक्षकांचे हे अधिवेशन चंद्रपुरात भरणार हे कळले आणि माझा विषय ठरूनच गेला. इथून जवळच, पैनगंगेकाठी इरई गावापाशी, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फेडन यांना १८७०च्या दशकात चुनखडीचा एक उघडा थर दिसला. पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला, त्यावर एकमेकांना समांतर गेलेले ओरखडे, आणि वर बारीक गाळात रुतलेले लहानमोठे धोंडे. असे काम नदी करत नाही. तळाशी दगड धरून सरकणारी हिमनदीच ते करते. मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळिशी ओलांडतो, त्या चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी बर्फ होता!

याच काळातल्या हिमनद्यांच्या खुणा दक्षिण आफ्रिका, ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातही सापडतात. त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत मात्र उष्ण दलदलीतली कोळशाची अरण्ये वाढत होती. खंड आज आहेत तिथेच तेव्हाही होते असे धरले, तर या हवामानाचा मेळच बसत नाही. आल्फ्रेड वेगेनर हे हवामानशास्त्रज्ञ होते, त्यामुळे हा पेच त्यांना नेमका बोचला असावा. ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्टच्या व्याख्यानात त्यांनी खंड सरकल्याची कल्पना मांडली. त्याच वर्षी फेब्रुवारीत दक्षिण ध्रुवाहून परतताना स्कॉटच्या तुकडीने बिअर्डमोर हिमनदीजवळ खडक गोळा केले आणि मरेपर्यंत ते ओझे टाकले नाही. त्यांत ग्लोसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीची जिभेच्या आकाराची अश्मीभूत पाने निघाली. आपल्या गोंडवन कोळशाच्या थरांत आढळतात तीच!

आपण वर्गात पुढे सांगतो की, जगाने वेगेनरची टर उडवली. हे अर्धवट आहे. खंड ढकलतो कोण, या प्रश्नावर त्यांनी पृथ्वीच्या फिरण्यातून येणारे बल आणि चंद्रसूर्याची ओढ पुढे केली. भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरॉल्ड जेफ्रीज यांनी हिशेब मांडून ही बले फारच तोकडी असल्याचे दाखवले, आणि तो हिशेब बरोबर होता. पुरावा भक्कम, कारण लंगडे, अशी ती केस होती. जेफ्रीज चुकले ते पुढच्या पायरीला : कारण पटत नाही म्हणून त्यांनी घटनाच नाकारली. वेगेनर १९३० साली ग्रीनलंडमध्ये वारले, तेव्हा निकाल लागलेला नव्हता.

निकालात आपल्या काळ्या पाषाणाचाही वाटा आहे. लाव्हा थिजताना त्यातले लोहकण त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवतात. विषुववृत्तापाशी ती आडवी असते, ध्रुवाकडे तीव्र उतरती होते. १९५०च्या दशकात दख्खनच्या बेसाल्टचे नमुने मोजले गेले तेव्हा ते दक्षिण गोलार्धात थिजल्याचे दिसले. मग १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग कटकाच्या, म्हणजे समुद्रतळावरच्या डोंगररांगेच्या, चुंबकीय मोजणीवरून मांडले की, कटकापाशी नवा समुद्रतळ तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. ढकलणारा हात वेगेनरने शोधला तिथे नव्हताच. तो खाली, तापलेल्या प्रावरणात होता.

म्हणून प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना माझी एक सूचना आहे. ‘वेगेनरचे पुरावे लिहा’ हा प्रश्न पाठांतराने सुटतो. त्याऐवजी एकदा विचारा : १९२५ साली तुम्ही जेफ्रीज यांच्या जागी असता, तर इरईच्या ओरखड्यांचे काय केले असते? पाच गुण द्या, आणि उत्तरे तपासायला थोडा जास्त वेळ ठेवा.