आशा, उमेद आणि उमेदवार



सभा संपताना वक्त्याने ‘आशा आहे’ असे म्हणावे आणि श्रोत्यांनी टाळ्या वाजवून सतरंज्या गोळा करायला लागावे, हा चळवळीचा जुना शिरस्ता आहे. निवडणूक हरलेल्या पक्षाचे निवेदन याच शब्दाने संपते आणि मागणी टोलविणाऱ्या मंत्र्याचे पत्रही याच शब्दाने संपते. परस्परविरोधी बाजूंना जो शब्द सारखाच सोयीचा पडतो, तो तपासून घेणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य ठरते. बुधवार पेठेत ही तपासणी करण्यास विशेष औचित्य आहे. ते काय, हे पुढे ओघाने येईल.

मराठीत आशा ‘लागते’. कुणी ती ‘दाखवितो’, कुणी ‘लावतो’, कुणी माणसाला ‘आशेवर ठेवतो’. या सर्व प्रयोगांत ज्याला आशा असते तो स्वतः काहीच करीत नसतो. जे घडते ते त्याच्यावर घडते. ‘आशाळभूत’ हा शब्द अपमानाचा झाला तो त्यामुळेच. संतांनी आशेला पाश मानले आणि लोकांनी ‘आशा सुटेना अन् देव भेटेना’ अशी म्हण केली. उमेद हा शब्द फारसीतून आला. त्याचाही मूळ अर्थ आशा हाच. परंतु मराठीने त्याला निराळे वळण दिले. उमेद ‘धरावी’ लागते, ‘बांधावी’ लागते, आणि ती खचते तेव्हा माणूस कामातून उठतो. आशा वाट पाहते, उमेद वाट चालू लागते, असा हा फरक आहे. संस्कृतात ‘आशा’ या शब्दाचा दिशा असाही एक अर्थ आहे. अमरकोशाने तो दिशेच्या नावांत दिला आहे. दोन्ही अर्थांची व्युत्पत्ती कोशकार वेगवेगळी मानतात. तरीही दिशेवाचूनची आशा म्हणजे नुसते ताटकळणे, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

मात्र उमेदही सर्वस्वी निर्दोष नाही. तिच्यापासूनच ‘उमेदवार’ झाला. पुढेमागे जागा मिळेल या भरवशावर कचेरीत बिनपगारी राबणारा तो मूळचा उमेदवार होय. आज मते मागणाऱ्यालाही आपण हेच नाव देतो; परंतु जुन्या अर्थाचे खरे वारस पाहायचे तर याच पेठेच्या कडेला अप्पा बळवंत चौकात जावे. स्पर्धा परीक्षांची पुस्तके घेणारे शेतकऱ्यांचे, शेतमजुरांचे मुलगे आणि मुली तेथे वर्षभर दिसतात. काहीशे जागांसाठी लाखांच्या संख्येने अर्ज येतात. खोलीभाडे, खानावळ, शिकवणी आणि पुस्तके असा आशेचा एक सबंध बाजार त्यावर उभा राहिला आहे. या तरुणांची जिद्द खरी आहे. खोटी आहे ती जागा वाढविल्यावाचून त्यांना आशेवर ठेवणारी व्यवस्था.

तर मग आशा शब्दाचा प्रामाणिक वापर कोणता? त्याचे उत्तर याच पेठेने दिलेले आहे. १ जानेवारी १८४८ रोजी भिड्यांच्या वाड्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. तेव्हा ते एकवीस वर्षांचेही नव्हते. सावित्रीबाई सतरा वर्षांच्या होत होत्या. मुली जेमतेम सहा. स्त्रीशिक्षणाला उज्ज्वल भवितव्य आहे असे सांगणारे एकही लक्षण त्या दिवशी पुण्यात दिसत नव्हते. होते ते एवढेच : एक जागा, शिकविण्यास तयार असलेली माणसे आणि शिकायला आलेल्या सहा मुली. तेवढ्यावर शाळा सुरू झाली.

या प्रारंभाचे स्मरण दरवर्षी होते. त्यानंतर जे घडले त्याचे फारसे होत नाही. ती शाळा अखंड चालली नाही, बंद पडली. जोतीराव व सावित्रीबाई यांना घर सोडावे लागले. आशा केवळ मनाची अवस्था असती तर ती तेथेच संपती. परंतु ३ जुलै १८५१ रोजी याच बुधवार पेठेत, अण्णासाहेब चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा पुन्हा भरली. त्यापाठोपाठ रास्ता पेठेत आणि वेताळ पेठेत भरली. पहिला आरंभ उत्साहाच्या भरात होऊ शकतो. बंद पडलेले काम दुसऱ्यांदा उभे करण्यास जे लागते, त्याला उमेद म्हणावे.

या शाळांचे फळ काय, हे १८५५ साली ‘ज्ञानोदया’तून लोकांपुढे आले. मुक्ता साळवे या सुमारे चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. बाळंत होणाऱ्या आपल्या समाजातील स्त्रियांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे तिने त्यात मांडले आणि आपल्या लोकांना शिकण्याचे आवाहन केले. दुःखाचे कारण सांगणे आणि उपायाकडे बोट दाखविणे या दोन्ही गोष्टी तिने एकत्र केल्या. आशावादाची यापेक्षा नेमकी व्याख्या क्वचितच सापडेल.

त्या बाळंतिणीला दवाखान्यापर्यंत नेण्याचे काम आज खेड्यापाड्यांत जी करते, तिचे नावच ‘आशा’ आहे. २००५ साली सुरू झालेल्या ग्रामीण आरोग्य अभियानातले हे एका इंग्रजी पदनामाचे संक्षिप्त रूप. सरकारदरबारी ती स्वयंसेविका. म्हणून तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला. कोरोनाच्या साथीत ती घरोघर फिरली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिचा गौरव केला. २०२३ च्या अखेरीस महाराष्ट्रातील आशांनी संप केला, मोबदला वाढविण्याचे आश्वासन मिळाले, संप मिटला. पण शासन निर्णय काही निघेना. म्हणून २०२४ च्या आरंभी त्यांना पुन्हा संपावर जावे लागले आणि आझाद मैदानावर बसावे लागले. मार्चमध्ये दरमहा पाच हजारांची वाढ मंजूर झाली. आश्वासन पहिल्या संपात मिळाले होते. निर्णय दुसऱ्या संपाने मिळाला. नावाने आशा असलेल्या या स्त्रियांनी स्वतः मात्र आशेवर राहण्याचे नाकारले.

दगडूशेठ गणपतीसमोरचा तो भिडेवाडा आता उभा नाही. पडझडीत आणि न्यायालयीन वादात वर्षानुवर्षे अडकून २०२३ च्या डिसेंबरात तो स्मारकासाठी पाडण्यात आला. स्मारक अवश्य व्हावे. परंतु त्या जागेचा वारसा दगडविटांत नव्हता. बंद पडलेली शाळा पुन्हा उघडण्यात होता.

तेव्हा यापुढे सभेच्या शेवटी कुणी ‘आशा आहे’ म्हणाला, तर पुढचे वाक्य त्याच्याकडून मागून घ्यावे. काम कोण करणार? कोणत्या तारखेपासून? आणि ते बंद पडले तर पुन्हा कोण सुरू करणार? याला उत्तर असेल तर तो शब्द त्याने खुशाल वापरावा. उत्तर नसेल तर सतरंज्या गोळा करण्याची घाई करू नये; सभा अद्याप संपलेली नाही.