ऊन फुकट, पण राखण कोणाची?



आमच्या गावाच्या वेशीपासून खालच्या वस्तीपर्यंत रस्त्याच्या कडेने बारा खांब उभे आहेत. प्रत्येक खांबाच्या माथ्यावर सोलरची एक प्लेट, खाली दिवा आणि मध्ये बॅटरीची पेटी. हे दिवे आले तेव्हा गावाने नारळ फोडला, पेढे वाटले. पहिली दोन वर्षे उजेडही छान पडला. तिसऱ्या वर्षी एक दिवा विझला, मग दुसरा. पाचवे वर्ष संपता संपता बारांपैकी दोनच दिवे लागत होते. एका खांबाला म्हैस बांधलेली, दुसऱ्याला वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी. एका प्लेटवर कडुनिंबाची फांदी वाढून सावली धरलेली, आणि एक बॅटरी तर कोणीतरी काढूनच नेलेली!

ग्रामसभेत विषय निघाला. कोणी म्हणाले, मालच हलका. कोणी म्हणाले, सोलरचे काही खरे नाही. तेवढ्यात मागच्या रांगेतून खालच्या वस्तीच्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "सूर्याचं बिल येत नाही म्हणून तुम्ही दिवे आणले. बरं केलं. पण दिव्यांची चौकशी करायला कुणाला ठेवलं?"

सभा गप्प झाली. मग हमीचा कागद शोधणे सुरू झाले. पंचायतीच्या कपाटात नाही, सरपंचांच्या घरी नाही. शेवटी तो आमच्या शाळेच्या कपाटात जुन्या हजेरीपटांच्या गठ्ठ्यात निघाला. हमी पाच वर्षांची होती आणि कागद हाती आला तेव्हा ती संपून दोन महिने झाले होते.

मंडळी, आज मला तुमच्याशी बोलायचे आहे ते या आजींच्या प्रश्नाविषयी. गावात सौर ऊर्जा आणायची तर ग्रामपंचायतीने नेमके काय करायचे? माझे म्हणणे थोडक्यात असे: प्लेटा आणणे हे निम्मे काम. त्यांची राखण करणे, हिशेब ठेवणे आणि दुरुस्तीचा पैसा आधीच बाजूला काढणे, हे उरलेले निम्मे. आणि ते निम्मे काम पंचायतीवाचून दुसरे कोणी करू शकत नाही.

आता कोणी म्हणेल, "वीज हे सरकारचे आणि वीज कंपनीचे काम. पंचायतीचा यात काय संबंध?" संबंध आहे, आणि तो थेट राज्यघटनेतला आहे. 73 वी घटनादुरुस्ती 1992 साली मंजूर झाली आणि 24 एप्रिल 1993 पासून अमलात आली. तिने घटनेला अकरावे परिशिष्ट जोडले. पंचायतींकडे सोपवता येतील असे 29 विषय त्यात आहेत. चौदावा विषय ग्रामीण विद्युतीकरणाचा, आणि पंधरावा अपारंपरिक ऊर्जेचा. तेव्हा ऊन आणि वारा यांपासून वीज करणे हा पंचायतीच्या चावडीवर बोलण्याजोगाच विषय आहे.

एखादी पंचायत मनावर घेते तेव्हा काय होते, याची एक गोष्ट सांगतो. तमिळनाडूत कोइमतूर जिल्ह्यात मेट्टुपालयमजवळ ओडंतुरै नावाची पंचायत आहे. आर. षण्मुगम हे तिथे 1996 साली अध्यक्ष झाले. पाण्याच्या पंपाचे आणि रस्त्यावरच्या दिव्यांचे बिल पंचायतीला पेलेना. त्यांनी आधी लाकूडफाट्यापासून वायू करून पंप चालवला आणि खर्च कमी केला. अशी काटकसर करीत पंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून सुमारे 40 लाख रुपये शिल्लक टाकले, बाकीचे बँकेकडून कर्ज काढले आणि 2006 साली सुमारे 1 कोटी 55 लाख रुपयांची 350 किलोवॅटची पवनचक्की विकत घेतली. गावाला लागून उरलेली वीज वीज मंडळाला विकली आणि त्या पैशातून कर्ज फेडत गेले. लक्षात घ्या, तिथे पवनचक्कीच्या आधी काटकसर आली, आणि काटकसरीच्या आधी हिशेब.

दुसरी गोष्ट उलट आहे. बिहारमध्ये जहानाबाद जिल्ह्यात धरनई हे गाव. तीस वर्षांहून अधिक काळ तिथे वीज नव्हती. 2014 च्या जुलैत एका संस्थेने तिथे 100 किलोवॅटचा सौर प्रकल्प उभारला. गावभर दिवे लागले, वर्तमानपत्रांत नाव झाले. पण थोड्याच काळात सरकारी तारेची वीज आली, आणि ती स्वस्त पडली. सौर विजेवर जड उपकरणे चालवायला मनाई होती. तारेच्या विजेवर ती चालत. लोक तिकडे वळले. पैसा जमेना, बॅटऱ्या थकल्या आणि काही वर्षांत प्रकल्पाच्या जागेत गुरे बांधली जाऊ लागली. सूर्य तर तिथे रोजच उगवत होता! पण बॅटरी बदलायची वेळ येईल तेव्हा पैसा कोठून येणार, आणि तारेची वीज आली तर या विजेचे काय करायचे, या दोन प्रश्नांना तिथे उत्तर मिळाले नाही.

आता आपल्या घराकडे येऊ. महाराष्ट्रात पंचायतीला हात देणाऱ्या योजना निघाल्या आहेत. 2024 साली केंद्र सरकारने घरांच्या छपरांसाठी सूर्यघर योजना काढली. त्यात एक किलोवॅटला 30 हजार, दोन किलोवॅटला 60 हजार, आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान ठरले. पुष्कळांना ठाऊक नसते ती गोष्ट पुढे आहे. आपल्या हद्दीत असा संच बसला की घरामागे 1 हजार रुपये स्थानिक संस्थेलाही द्यावेत, अशी त्या योजनेत तरतूद केली गेली. शिवाय प्रत्येक जिल्ह्यात स्पर्धेतून एक आदर्श सौर गाव निवडून त्याला 1 कोटी रुपये द्यायचे, असेही ठरले. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली. वस्ती लहान, घरे शंभरावर थोडी. पण सबंध गाव उन्हाच्या विजेवर आले.

दुसरी योजना शेतीच्या पंपांसाठी आहे. रात्रीबेरात्री पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्याला विंचू-काट्याचे भय मी सांगायला नको. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा 2023 साली सुरू झाला, तो दिवसा वीज देण्यासाठी. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारायचा आणि तिथूनच पंपांना वीज द्यायची. खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरसाल तीन टक्के वाढ. आणि ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होईल तिला वर्षाला 5 लाख असे तीन वर्षे, असे त्या योजनेत ठरले. तिचा पहिला प्रकल्प, 3 मेगावॅटचा, वैजापूर तालुक्यात धोंदलगाव येथे 2024 च्या सप्टेंबरात सुरू झाला.

तेव्हा योजना आहेत. परंतु योजना प्लेटा देते, राखणदार देत नाही. तो आपणच नेमायचा असतो. म्हणून पंचायतीने करायच्या तीन गोष्टी आता क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट: बिले मांडून बसा. पंचायतीची, शाळेची, अंगणवाडीची आणि पाणीपुरवठ्याची वर्षाची बिले एका पाटावर ठेवा. सौर संच ज्या मीटरला जोडतो त्याच बिलात बचत दिसते. म्हणून मोठे बिल कोणते ते आधी पाहा. बहुतेक गावांत ते पाण्याच्या पंपाचे निघेल. मग जागा पाहा. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, आणि तिच्यावर सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत झाडाची, टाकीची वा इमारतीची सावली नको. प्लेटांचे तोंड दक्षिणेकडे हवे.

दुसरी गोष्ट: पैशाची. आपल्याकडे एक किलोवॅटपासून दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. पाच किलोवॅटची झाली वीस युनिट. पाच अश्वशक्तीचा पंप रोज पाच तास चालला तर साधारण वीसेक युनिटच खातो. महिन्याला 600 युनिट झाली. पावसाळ्यात ऊन कमी, म्हणून वर्षाचे दहाच महिने धरू: 6 हजार युनिट. हिशेबापुरता युनिटचा दर 7 रुपये धरला तर वर्षाला 42 हजार रुपये वाचतात. आता मुख्य मुद्दा. या 42 हजारांतला चौथा हिस्सा, म्हणजे 10 हजार 500 रुपये, दरसाल वेगळ्या खात्यात टाका. प्लेट पंचवीस वर्षे चालते; पण इन्व्हर्टर आठ-दहा वर्षांत जातो, आणि जिथे बॅटरी आहे तिथे जुन्या पद्धतीची शिसे-आम्लाची बॅटरी चार-पाच वर्षांत थकते. आठ वर्षांनी तुमच्या खात्यात व्याज सोडून 84 हजार असतील. मग इन्व्हर्टर गेला तरी कोणाच्या दारी जाण्याची पाळी येणार नाही. याचा ठराव ग्रामसभेत सूचक-अनुमोदकासह लिहून घ्या. तोंडी कबुली पुढच्या निवडणुकीत वाहून जाते, ठराव राहतो.

तिसरी गोष्ट: माणसाची. प्लेटा कोण पुसणार, पेटी कोण उघडणार, बिघाड कोणाला कळवणार, यांची नावे फळ्यावर लिहा. प्लेटा पंधरा दिवसांनी धुवाव्यात, तेही सकाळी लवकर. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. संच जडवस्तू नोंदवहीत चढवा आणि हमीचा कागद तिथेच चिकटवा. शाळेच्या जुन्या हजेरीपटात तो सापडायला नको!

एक गैरसमजही दूर करतो. तारेला जोडलेला, बॅटरीवाचूनचा सौर संच तारेतली वीज गेली की स्वतःहून थांबतो. खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसू नये म्हणून ती व्यवस्था असते. लोकांना हे आधी सांगितले नाही तर पहिल्याच भारनियमनात ते म्हणतात, "ऊन असून पंप बंद? फसवलं आपल्याला!" आधी सांगितलेली अडचण माणूस सोसतो, नंतर कळलेल्या अडचणीने विश्वास उडतो.

आता गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. सौर संचाचा मीटर हा गणिताचा उत्तम धडा आहे. सातवीच्या मुलांना रोज ठराविक वेळी आकडा लिहायला लावा. ढगाळ दिवस, उघडा दिवस, प्लेट धुण्याआधीचा आणि धुतल्यानंतरचा, असा तक्ता भिंतीवर लावा. सरासरी, टक्केवारी, आलेख, सारे त्यातून शिकवता येते. आणि आकडा एकाएकी खाली आला तर बिघाड झाल्याचे गावात सर्वांत आधी मुलांनाच कळते. पेटी आणि तारा मात्र मुलांनी उघडायच्या नाहीत. वाचायचे ते बाहेरून.

शेवटी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. छपरावरची योजना ज्याला पक्के छप्पर आहे त्याच्या कामाची. कुडाचे किंवा गळक्या पत्र्याचे घर असलेल्याने प्लेट कोठे बसवावी? पंचायतीचे खरे काम इथे लागते. पाण्याचा पंप, अंगणवाडी आणि वस्तीवरचा रस्ता ही सर्वांची छपरे. तिथे आलेली वीज बंगल्याला आणि झोपडीला सारखीच पोचते. म्हणून पहिला संच सरपंचांच्या माडीवर नको, पाण्याच्या टाकीपाशी असू द्या.

आमच्या गावाचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. हमी तर गेली होती. ग्रामसभेने दिवाबत्ती कराचा एक हिस्सा वेगळा काढण्याचा ठराव केला. वर्षभरात पैसा साठला, बॅटऱ्या आल्या, कडुनिंबाची फांदी छाटली. आज बारांपैकी नऊ दिवे लागतात. तीन अजून बाकी आहेत, आणि ते कोणते हे फळ्यावर लिहिलेले आहे. खालच्या वस्तीतल्या कॉलेजच्या मुली संध्याकाळच्या एसटीने उतरतात. पूर्वी त्यांना आणायला घरचे कोणीतरी कंदील नाही तर मोबाइलची बॅटरी घेऊन फाट्यावर उभे असे. आता त्या आपापल्या गप्पा मारीत घरी येतात.

तेव्हा मंडळी, तुमच्या पुढच्या ग्रामसभेत सोलरचा विषय निघाला तर किती किलोवॅट आणि किती अनुदान हे जरूर विचारा. पण त्याबरोबर आमच्या आजींचा प्रश्नही विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नका.