तासाचा मक्ता

व्हिएन्नामधील बेर्गगासे या रस्त्यावरच्या १९ क्रमांकाच्या घरात सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९१ पासून १९३८ पर्यंत जे मनोविश्लेषण केले, त्याच्या तत्त्वपक्षावर ग्रंथांमागून ग्रंथ झाले. आज मला बोलावयाचे आहे ते त्याच्या जमाखर्चाविषयी. प्रयोगशाळेत रमणारे हे गृहस्थ १८८६ साली खाजगी व्यवसायात उतरले, तेच मुळी विवाहाची निकड आणि द्रव्याची टंचाई यांच्यापायी.

उपचाराच्या प्रारंभाविषयी १९१३ साली लिहिलेल्या निबंधात त्यांनी आपला दंडक सांगितला आहे. दिवसातील एक ठरावीक तास रुग्णाच्या नावे लावून द्यावयाचा, आणि तो येवो वा न येवो, त्या तासाचा आकार त्याच्याकडून वसूल करावयाचा. फीची गोष्ट पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलावयाची आणि बाकी तुंबू न देता महिन्याच्या महिन्याला उगवावयाची. हे ऐकून आपल्याकडील एखाद्या भिडस्त वैद्यबुवांना घामच फुटेल. परंतु फ्रॉइड यांचा अनुभव असा की, धोरण सौम्य ठेवले म्हणजे गैरहजेऱ्या इतक्या वाढतात की वैद्याचा चरितार्थच धोक्यात यावा, आणि ते कडक केले की रुग्णाची आकस्मिक दुखणी व अडचणी जवळजवळ नाहीशा होतात. यात व्यवहार आहेच. पण नेमकी महत्त्वाची गोष्ट ओठांवर येण्याच्या सुमारासच रुग्णाला यावयास जमत नाही, हे निरीक्षण व्यवहाराच्या पलीकडचे आहे.

रोजचे तास सात-आठच, तेव्हा एक धर्मार्थ रुग्ण घेणे म्हणजे मिळकतीचा सातवा-आठवा हिस्सा महिनोन् महिने सोडणे. तरीही सुमारे दहा वर्षे रोज एक, क्वचित दोन तास त्यांनी मोफत दिले आणि निष्कर्ष काढला की, फुकट उपचाराने रुग्णाचा अंतर्गत विरोध उलट बळावतो. अपवाद त्यांनीही नमूद केले आहेत; तथापि जो निष्कर्ष काढणाऱ्याच्याच पथ्यावर पडतो, तो मी जरा पारखूनच घेतो.

पुढे सप्टेंबर १९१८ मध्ये, बुडापेस्टच्या मनोविश्लेषण परिषदेत, गरिबांनाही हा उपचार मोफत मिळावा असे प्रतिपादन त्यांनीच केले. सरकारला जाग येईपर्यंत खाजगी दातृत्वानेच प्रारंभ होईल, हेही ते जाणून होते. युद्धोत्तर काळात ऑस्ट्रियाचे चलन कोसळले, शिल्लक बुडाली, आणि पौंड-डॉलर देणाऱ्या परकीयांवर त्यांचा स्वतःचा संसार चालू लागला. त्याच सुमारास, १९२० साली बर्लिनमध्ये व १९२२ साली व्हिएन्नात, अल्प वा शून्य दराचे दवाखाने उघडले. बर्लिनच्या दवाखान्याच्या खर्चाचा मोठा भार फ्रॉइड यांचे सहकारी माक्स आयटिंगॉन यांनी सोसला, आणि तो पैसा त्यांच्या घराण्याच्या फरच्या व्यापारातून आला होता.