किल्ली खिशांत, इंजिन चालू

मनुष्याच्या पुष्कळशा सवयी त्याच्या बुद्धीनें नव्हे, तर त्याच्या हातांनीं सांभाळलेल्या असतात. घराबाहेर पडल्यावर कुलूप लावलें कीं नाहीं हें वाटेंत आठवत नाहीं. परंतु परत येऊन पाहावें तों कुलूप लागलेलें असतें. हातानें आपलें काम चोख केलेलें असतें, मनाला मात्र त्याची वार्ता नसते. मोटारीचें इंजिन बंद करणें ही अशीच एक हाताची सवय होती. किल्ली फिरवावयाची, इंजिन थांबवावयाचें, किल्ली काढून खिशांत टाकावयाची आणि उतरावयाचें, या चार क्रियांची मिळून एकच क्रिया झालेली होती. किल्ली हातांत आली, याचा अर्थच इंजिन थांबलें असा होता. पुढें किल्लीचें रूप पालटलें आणि हा अर्थ खोटा ठरला. किल्ली खिशांत असूनहि इंजिन चालूच राहूं शकतें, ही गोष्ट दिसावयाला क्षुल्लक आहे. पण तिच्यापायीं माणसें प्राणास मुकलीं आहेत.

मोटार सुरू करण्याची रीत शंभर वर्षांत अनेक वेळां बदलली. आरंभीं मोटारीच्या तोंडाशीं लोखंडी दांडा लावून तो जोरानें फिरवावा लागे. इंजिन उलट फिरलें तर दांडा असा हिसका देई कीं फिरवणाराचें मनगट मोडून जाई. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन संशोधकानें विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला, व तो १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत बसविण्यांत आला. तेव्हांपासून दांड्याचें राज्य ओसरूं लागलें. पुढें १९४९ सालीं क्राइस्लर कंपनीनें एकच किल्ली फिरवून वीज जोडण्याची व इंजिन सुरू करण्याची सोय केली, आणि तीच पद्धति जगभर रूढ झाली. विसाव्या शतकाच्या अखेरीस मर्सिडीझ-बेंझ या जर्मन कंपनीनें आपल्या मोठ्या मोटारींत किल्ली खिशांतून न काढतांच मोटार उघडण्याची व चालविण्याची युक्ति आणली. श्रीमंतांच्या मोटारींतील ही चैन हळूहळू मध्यम किंमतीच्या मोटारींतहि उतरली, आणि आज मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरील कित्येक लहान मोटारीहि बटण दाबून सुरू होतात. पूर्वीच्या सुधारणांनीं मोटार सुरू करण्याचे कष्ट कमी केले. या नव्या सुधारणेनें कष्टांबरोबर मोटार बंद झाल्याची खूणहि नाहींशी केली.

या नव्या वस्तूला किल्ली म्हणणें रूढीला धरून आहे एवढेंच. वस्तुतः तें एक चिमुकलें बिनतारी संदेशयंत्र आहे. ज्या जातीच्या लहरींवरून नभोवाणी श्रोत्यांच्या घरीं पोंचते, त्याच जातीच्या लहरींनीं किल्ली आणि मोटार एकमेकांशीं बोलतात. मोटार सुमारें १२५ किलोहर्ट्झच्या लहरीनें आपल्या अवतीभवतीं हांक घालते. या हांकेचा पल्ला फारच थोडा असतो. किल्ली जवळ असेल तर ती या हांकेनें जागी होते आणि अधिक उच्च कंपनांच्या लहरीनें, सांकेतिक भाषेंत, उत्तर देते. उत्तर पटलें म्हणजे दार उघडतें. किल्ली मोटारीच्या आंत आहे अशी खात्री झाली म्हणजे बटण दाबतांच इंजिन सुरू होतें. येथपर्यंत सर्व ठीक आहे. परंतु इंजिन एकदां सुरू झालें कीं त्याचें चालणें किल्लीवर अवलंबून राहत नाहीं. किल्ली घेऊन मालक बाहेर पडला तर मोटार फार तर शिटी वाजवील, समोरच्या फलकावर एकादें वाक्य दाखवील. पण बहुतेक मोटारी लगोलग थांबणार नाहींत.

यांत निर्मात्यांची केवळ बेपर्वाई होती असें म्हणतां येत नाहीं. भर वेगानें मोटार धांवत असतां किल्लीतील नखाएवढी बॅटरी संपली, किंवा मुलानें खेळतां खेळतां किल्ली खिडकीबाहेर टाकली, तर काय व्हावें? तेवढ्यावरून इंजिन बंद पडलें तर सुकाणूचें चाक जड होईल, ब्रेकला मिळणारें साहाय्य सरेल आणि अनर्थ ओढवेल. म्हणून किल्ली नाहींशी झाली तरी इंजिन थांबूं नये, असें ठरविण्यांत आलें. पण धांवत्या मोटारीला तारणारा हा नियम उभ्या मोटारीच्या बाबतींत उलटतो. नवरा किल्ली खिशांत ठेवून स्टेशनवर उतरतो, पत्नी मोटार तशीच पुढें घेऊन जाते, आणि बाजारांत इंजिन बंद केल्यावर मोटार पुन्हां सुरू होत नाहीं, हा या नियमाचा हास्यास्पद परिणाम होय. दुसरा परिणाम हसण्यासारखा नाहीं.

अमेरिकेंतील पुष्कळ घरांत मोटार ठेवण्याचें गॅरेज घराला जोडूनच असतें. मधलें एक दार उघडलें कीं माणूस स्वयंपाकघरांत येतो, आणि कित्येकदां निजावयाची खोली त्याच गॅरेजच्या वर असते. मनुष्य रात्रीं थकून घरीं येतो, बाजारहाटाच्या पिशव्या उचलतो, गॅरेजचें दार खालीं ओढतो आणि आंत जातो. किल्ली खिशांत आहे, म्हणजे नेहमींचें काम झालें, अशी त्याच्या हातांची समजूत असते. इंजिनाचा आवाज त्याला सावध करील म्हणावें, तर आजकालचीं इंजिनें इतकीं शांत झालीं आहेत कीं ज्याला कमी ऐकूं येतें त्याला तीं चालू आहेत कीं बंद, हें कळणेंहि कठीण. त्यांतून मोटार वीज व पेट्रोल या दोहोंवर चालणारी असेल तर आणखी फसगत होते. उतरतेवेळीं ती केवळ विजेवर, अगदीं निःशब्द उभी असते. बॅटरी उतरूं लागली म्हणजे, घरांतील माणसें झोंपीं गेल्यावर, पेट्रोलचें इंजिन आपोआप सुरू होतें. याच कारणास्तव जनरल मोटर्स कंपनीनें २०१५ सालीं आपल्या सुमारें ६४,००० व्होल्ट मोटारी दुरुस्तीसाठीं परत बोलाविल्या आणि ठराविक वेळानें त्या आपोआप बंद व्हाव्या अशी तजवीज केली.

बंद जागेंत चालू राहिलेल्या इंजिनापासून जो वायु साठतो त्याचें नांव कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, चव नाहीं. त्यानें डोळे चुरचुरत नाहींत कीं खोकला येत नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन नांवाचें तांबडें द्रव्य प्राणवायु वाहून नेतें. परंतु त्याची या विषारी वायूविषयींची ओढ प्राणवायूच्या मानानें दोनशेंपटींहून अधिक असते. हवेंत हा वायु अल्प असला तरी तो हळूहळू रक्तांतील जागा अडवीत जातो, आणि छाती भरून श्वास घेणारा मनुष्य आंतून गुदमरत राहतो. क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या क्रियेचें मर्म उघड केलें. पुढें जॉन स्कॉट हाल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानें तोच वायु स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदले व १८९५ सालीं ते प्रसिद्ध केले. लहान प्राण्यांवर या विषाचा अंमल माणसांपेक्षां लवकर होतो, हें त्यानेंच दाखविलें. म्हणून कोळशाच्या खाणींत कॅनरी पक्षी नेण्याची चाल पडली, आणि ब्रिटनमध्यें ती १९८६ सालापर्यंत टिकली.

या विषाची सर्वांत कपटी गोष्ट अशी कीं, तें प्रथम विचारशक्तीवर घाला घालतें. डोकें दुखतें, मळमळतें, चक्कर येते, हातपाय गळतात. मनुष्य म्हणतो, आज दगदग फार झाली, जरा पडावें. पडणें हीच त्या वेळीं सर्वांत वाईट गोष्ट. झोंपेंत असलेल्याला तर एवढीहि सूचना मिळत नाहीं. आधुनिक मोटारींच्या धुराड्यांत विषारी वायूचें शोधन करणारें साधन असतें, हें खरें. परंतु इंजिन थंड असतां तें नीट काम देत नाहीं, आणि बंद जागेंतील प्राणवायु कमी होत गेला म्हणजे ज्वलन अपुरें होऊन विष पुन्हां वाढूं लागतें. गॅरेजचें दार उघडें ठेवलें म्हणजे भागलें, हीहि समजूत चुकीची आहे. वाऱ्याचा झोत आंतल्या बाजूस असेल तर तोच वायु घरांत लोटला जातो.

द न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्रानें २०१८ सालच्या मे महिन्यांत या प्रकाराचा शोध घेऊन लेख प्रसिद्ध केला. २००६ सालापासून तोंपर्यंत अमेरिकेंत अशा मोटारींमुळें किमान २८ माणसें मेलीं व ४५ माणसांना इजा पोंचली, असें त्या वृत्तपत्राला आढळलें. बळी पडलेल्यांत वृद्धांचा भरणा मोठा होता. ज्यांनीं चाळीस-पन्नास वर्षें किल्ली फिरवून मोटार बंद केली, त्यांच्याच हातांनीं त्यांना दगा दिला. फ्लॉरिडांतील पाम बीच परगण्याच्या अग्निशामक दलानें तर, मोटार बंद केली आहे ना, असें विचारणाऱ्या पाट्या गॅरेजमध्यें लावण्यासाठीं वृद्धांच्या एका वसाहतींत वाटल्या.

कायद्याची हकीकत मात्र मंदगतीची आहे. अमेरिकेंत १९६८ सालीं ठरलेल्या व १९७० सालापासून अंमलांत आलेल्या नियमानें, किल्ली मोटारींत विसरून कोणी दार उघडलें तर मोटारीनें आवाज करून सांगावें, असें बंधन घातलें होतें. तो नियम चोरांसाठीं होता, विषारी वायूसाठीं नव्हे. किल्ली काढावयाची म्हणजे इंजिन थांबवावें लागे, यांत जीवाचें जें रक्षण होई तें आनुषंगिक होतें. तें कोणीं योजिलेलें नव्हतें, आणि म्हणूनच तें गेलें तेव्हां कोणाच्या लक्षांतहि आलें नाहीं. मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें २०११ सालच्या आरंभीं सूचना देणाऱ्या आवाजांची व चिन्हांची शिफारस केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सरकारी रस्ता-सुरक्षा खात्यानें, चालू मोटार सोडून जाणाऱ्याला मोठ्यानें इशारा मिळावा, असा नियम सुचविला; पण तो पुढें सरकला नाहीं. अखेर २०२१ सालच्या नोव्हेंबरांत झालेल्या एका मोठ्या कायद्यांत, अशा मोटारी ठराविक काळ उभ्या राहिल्यावर आपोआप बंद व्हाव्या असा नियम दोन वर्षांत करावा, अशी आज्ञा घालण्यांत आली. दोन वर्षांची मुदत २०२३ सालीं संपली; तोंवर अंतिम नियम झालेला नव्हता. दरम्यान कांहीं कंपन्यांनीं आपण होऊन ही सोय केली. टोयोटा कंपनीनें २०२० सालच्या बहुतेक मोटारींत ती देण्याचें २०१९ सालीं जाहीर केलें.

रस्त्यावर चालू ठेवलेल्या मोटारीचा प्रश्न निराळा आहे. तेथें वायु उडून जातो, पण मोटारहि जाऊं शकते. मालक दुकानांत शिरला आणि किल्ली त्याच्या खिशांत राहिली, तरी चालू मोटारींत बसून कोणीहि ती हांकून नेऊं शकतो. इंजिन बंद करीपर्यंत त्याला किल्लीची गरजच नाहीं. शिवाय गिअर सुटून मोटार घरंगळण्याचें व मागें बसलेल्या मुलांचा हात नको तेथें पडण्याचें भय आहेच. ब्रिटनच्या रस्त्यांवर इंजिन चालू ठेवून मोटार सोडून जाण्यास बंदी आहे. हिंदुस्थानांतहि १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्याच्या १२६ व्या कलमानें असें बंधन घातलें आहे कीं, सार्वजनिक जागीं उभ्या असलेल्या वाहनाच्या सुकाणूपाशीं परवानाधारक चालक तरी असावा, नाहीं तर यंत्र बंद करून ब्रेक लावलेला असावा, अथवा वाहन आपोआप हलणार नाहीं अशी दुसरी तजवीज केलेली असावी. आपल्याकडील घरांना जोडलेलीं गॅरेजें थोडीं. तथापि शहरांतील इमारतींचीं तळघरें मोटारींनीं भरलीं आहेत, आणि उन्हाळ्यांत बंद जागीं इंजिन चालू ठेवून गार हवेंत मोटारींतच डुलकी घेण्याची संवय कांहीं जणांना आहे. वायूला देशाची सीमा नाहीं.

उपाय साधे आहेत. इंजिन थांबविल्यावर फलक विझला कीं नाहीं हें डोळ्यांनीं पाहावें; कानांवर विसंबूं नये. गिअर व हातब्रेक यांची खात्री केल्यावरच दार उघडावें. मोटारीनें शिटी घातली तर ती नेहमींचीच म्हणून सोडून न देतां परत फिरावें. मोटार आपोआप बंद होते कीं नाहीं, हें विकत घेतांनाच विचारावें, आणि वडील मंडळींच्या हातीं नवी मोटार देतांना हा फरक त्यांना समजावून सांगावा. मोटार घराच्या आंत राहत असेल तर हा वायु ओळखून घंटा वाजविणारें यंत्र निजावयाच्या खोलीजवळ बसवावें. बंद जागेंत एकाच वेळीं अनेकांचीं डोकीं दुखूं लागलीं तर कारण शोधीत बसूं नये. सर्वांनीं तत्काळ मोकळ्या हवेंत यावें आणि रुग्णवाहिका बोलवावी. साध्या हवेंत हें विष निम्मे उतरावयास चार-पांच तास लागतात. शुद्ध प्राणवायु दिला तर तेंच काम तास-दीड तासांत होतें. म्हणून रोग्याला बरें वाटूं लागलें तरी इस्पितळांत नेणें टाळूं नये.

यंत्रें सुधारतील, कायदेहि होतील. पण जुन्या किल्लीनें जें काम न सांगतां केलें, तें आतां माणसाला जाणूनबुजून करावें लागणार आहे. मोटारींतून उतरण्यापूर्वीं फलकाकडे एक नजर टाकावयास फारसा वेळ लागत नाहीं. आणि ती नजर टाकण्याची सवय एकदां हातांना व डोळ्यांना लागली म्हणजे तीहि, पूर्वीच्या सवयीप्रमाणेंच, मनाला न विचारतां आपलें काम करीत राहील.