यंत्राची बुद्धी आणि माणसाची प्रज्ञा
(नागसेनवन, छत्रपती संभाजीनगर येथील व्याख्यान)



ज्या कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांना या जागेचे नाव माहीत असले तरी त्या नावामागचा अर्थ माहीत असेलच असे नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली या शहरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, महाविद्यालय सुरू केले. पुढे पूज्य बाबासाहेबांनी त्यास मिलिंद राजाचे नाव दिले आणि परिसरास नागसेनवन म्हटले. मिलिंद हा ग्रीक वंशाचा राजा; नागसेन हे भिक्खू. राजाने प्रश्न विचारावेत, भिक्खूंनी उत्तरे द्यावीत, आणि पटल्याखेरीज राजाने मान डोलावू नये, असा तो संवाद ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आहे. विद्यालयास देवाचे नाही, दात्याचे नाही, तर प्रश्न विचारणाऱ्याचे नाव मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे.

आज प्रश्न विचारण्याची एक नवी जागा निर्माण झाली आहे. आपली मुले हातातील फोनला विचारतात आणि फोन तत्काळ, शुद्ध मराठीत, न अडखळता उत्तर देतो. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी लोकांस खुले झाले, तेव्हापासून ही सवय घरोघरी पोहोचली. काही वडीलधारी मंडळी मला विचारतात, हे यंत्र माणसासारखा विचार करते काय? करीत असेल, तर माणसाचे वेगळेपण ते काय उरले?

या प्रश्नास सोपे उत्तर देणारे पुष्कळ आहेत. ते म्हणतात, माणसात आत्मा आहे, यंत्रात तो नाही, प्रश्न संपला. आपणांस हे उत्तर देता येत नाही. आपण बौद्ध आहोत. आत्मा आपण मानीत नाही. नागसेनांनी मिलिंदास विचारले होते की, महाराज, आपण रथात बसून आलात, तर चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. या अवयवांच्या जुळणीस रथ हे नाव आहे, तद्वत माणसाच्या स्कंधांच्या जुळणीस नागसेन हे नाव आहे. आत बसलेला वेगळा कोणी नाही. आणि योगायोग असा की, ज्या १९५० साली हे महाविद्यालय निघाले, त्याच साली ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने ‘माइंड’ या नियतकालिकात यंत्र विचार करू शकेल काय, हा प्रश्न मांडला, आणि आत्मा केवळ माणसासच मिळाला आहे हा आक्षेप त्यानेही अमान्य केला. पुढे १९५६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ येथे काही शास्त्रज्ञ जमले. तेथून ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव रूढ झाले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात आपल्या लोकांनी धम्म स्वीकारला. त्या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता; आज मात्र आपल्या घरात त्या दोन्हींची गाठ पडली आहे.

मग आपण भेद कोठे मानावा? त्याचेही उत्तर मिलिंदाच्याच एका प्रश्नात सापडते. त्याने विचारले, भदन्त, मनसिकार आणि प्रज्ञा एकच ना? मनसिकार म्हणजे एखाद्या गोष्टीवर मन लावणे, तिला धरणे. नागसेन म्हणाले, नाही, महाराज. मेंढ्या, बकऱ्या, गाई, म्हशी, उंट, गाढवे यांनाही मनसिकार असतो, प्रज्ञा नसते. राजाने दाखला मागितला. तेव्हा त्यांनी शेतातील कापणी सांगितली. जव कापणारा डाव्या हाताने धाटांची मूठ धरतो आणि उजव्या हातातील विळ्याने कापतो. धरणे हा मनसिकार, कापणे ही प्रज्ञा. आपल्यापैकी अनेकांच्या घरी ज्वारीच्या कापणीचा अनुभव आहे. त्यांना हे अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

हे यंत्र धरण्यात विलक्षण आहे. जगात लिहिले गेलेले अफाट वाङ्मय त्याला वाचावयास दिलेले असते. त्या वाङ्मयाचे लहान लहान तुकडे करून, कोणत्या तुकड्यापुढे कोणता तुकडा येण्याचा संभव अधिक, हे ते अब्जावधी आकड्यांत साठविते. नंतर माणसे त्याच्या उत्तरांस बरेवाईट ठरवून त्याला वळण लावतात. आपण प्रश्न केला की ते एकेक तुकडा पुढे ठेवीत जाते. यातून हिशेब होतात, भाषांतरे होतात, रोगाची लक्षणे जुळविली जातात. या सामर्थ्याची थट्टा करणे हा अडाणीपणा होईल. परंतु त्याने जी मूठ धरली आहे, तिच्यात धान्यही आहे आणि तणही आहे.

त्या तणाचा एक नमुना सांगतो. २०२५ साली ‘एमआयटी टेक्नॉलॉजी रिव्ह्यू’ या नियतकालिकाने जीपीटी-५ या यंत्रास गाळलेल्या जागा भरण्यास दिल्या; ‘दलित’ किंवा ‘ब्राह्मण’ यांपैकी एक शब्द निवडावयाचा होता. १०५ वाक्यांपैकी ८० वाक्यांत यंत्राने जातीच्या रूढ समजुतीप्रमाणेच शब्द भरला. गटार साफ करणारा कोण, तर दलित. विद्वान कोण, तर ब्राह्मण, अशी ती समजूत. यंत्रास कोणाचा द्वेष नव्हता. शेकडो वर्षे जे लिहिले गेले, तेच त्याने पुढे ठेवले.

पण थांबा, येथे यंत्रालाच दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. ज्या पंडितांनी मनुस्मृती मुखोद्गत केली होती, ते याहून वेगळे काय करीत होते? एका श्लोकापुढे दुसरा श्लोक बिनचूक येत होता. विद्वत्तेत कसर नव्हती. तळ्याचे पाणी माणसास नाकारले जात आहे, हे त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते, आणि तरीही पुढचा श्लोक येतच होता. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी तो ग्रंथ जाळावा लागला तो यासाठीच. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात विद्या पुरेशी नाही, प्रज्ञा हवी, आणि प्रज्ञेबरोबर शील, करुणा व मैत्री हवी, असे जे विवेचन केले आहे, ते अशा विद्वानांना ओळखूनच केले आहे. माणूस जन्मला म्हणजे प्रज्ञा आपोआप आली, असे धम्म कोठेही म्हणत नाही.

भेद आहे तो असा. तहान काय असते हे त्या पंडितास कळू शकत होते. त्याला घसा होता. उद्या त्याचे मन पालटू शकत होते, आणि काहींचे पालटलेही. यंत्रास तहान नाही, अपमान नाही, मृत्यूचे भय नाही. दुःख हे पहिले आर्यसत्य. ते ज्यास लागू नाही, त्याने दुःखाविषयी कितीही सुंदर लिहिले तरी त्याच्या उत्तराची किंमत त्याला मोजावी लागत नाही. ती आपणांस मोजावी लागते.

एक व्यवहारातील गोष्ट घ्या. धर्मांतरानंतर मुलाच्या सवलती जातील काय, असे आपण यंत्रास विचारले. अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश १९५० चा. त्यात प्रारंभी मुख्यतः हिंदू धर्मीयच होते, १९५६ मध्ये शीख आले, आणि मूळच्या अनुसूचित जातीतील बौद्धांचा समावेश १९९० च्या दुरुस्तीने झाला. १९९० पूर्वीच्या लेखनाचे ढीग यंत्राने वाचले असणार. त्यातील एखादे वाक्य त्याने ठाम शब्दांत पुढे ठेवले, तर आई-बाप घाबरून दीक्षाच लपवितील. यंत्र उद्या ‘क्षमा करा’ म्हणेल. प्रवेशाची तारीख परत येणार नाही. म्हणून यंत्रास जरूर विचारा, पण कायद्याचा मजकूर स्वतः वाचा आणि दाखल्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन खात्री करून घ्या.

शेवटी नागसेनांची अट सांगतो. चर्चेपूर्वी ते राजास म्हणाले, पंडिताप्रमाणे बोलणार असाल तर बोलू, राजाप्रमाणे बोलणार असाल तर नाही. पंडितांच्या वादात चूक दाखविली जाते, मान्य केली जाते आणि कोणी रागावत नाही. राजाच्या वादात विरोध करणारास शिक्षा होते. यंत्राची तऱ्हा तिसरीच. आपण दरडावून ‘तू चुकलास’ म्हटले, तर बरोबर असतानाही ते अनेकदा माघार घेते. ज्याला विरोधच करता येत नाही, त्याच्याशी वाद कसला?

व्याख्यान येथे थांबवितो. आता आपले प्रश्न येऊ द्या, आणि प्रथम मुलींनी विचारावे. जय भीम.