पिंप स्वस्त मिळालं, पण आत काय होतं?

आज आम्ही गटातल्या पाचजणी स्टुडिओत आलोय. माईक एकच आहे, म्हणून बोलणार एक आणि बाकीच्या मधेमधे कोपर मारणार. आमच्यापैकी तिघी एमआयडीसीत गाद्यांच्या फोमच्या कारखान्यात जातात. दोघी गावातच असतात, शेती आणि शिलाई करतात. पण या गोष्टीत आम्ही पाचहीजणी सापडलो.

सुरुवात पिंपापासून करतो. चैत्र लागला की आमच्याकडे टँकरची वाट बघणं आलं, आणि टँकर आला की भरून ठेवायला पिंप हवं. भंगारवाल्याकडे दोनशे लिटरची लोखंडी पिंपं आली. नवीन प्लॅस्टिकच्या पिंपाच्या निम्म्याहून कमी भाव. गटातून चार घेतली. एकीनं घरी नेऊन त्यात दोन घागरी पाणी ओतलं, बूच घट्ट लावलं, पिंप अंगणात लोळवून खळखळून धुतलं आणि नंतर भिजू दे म्हणून तसंच उन्हात उभं करून ठेवलं. दुपारी बघते तर पिंपाचं वरचं झाकण पुरीसारखं फुगलेलं. तिची सासू म्हणाली, हात लावू नको, पोरांना आत घे. थोड्या वेळानं बूच सुटलं आणि गोठ्याच्या पत्र्यावर जाऊन आदळलं. त्या वेळी अंगणात कुणी नव्हतं, एवढंच आमचं नशीब.

पिंपावरचा कागद अर्धा फाटलेला होता. जे दिसत होतं त्यात कवटीचं चित्र होतं आणि २०७८ असा आकडा. कारखान्यात जाणाऱ्या आमच्या मैत्रिणीनं तो आकडा लगेच ओळखला, कारण रोज ज्या शेडजवळून ती जाते तिथल्या पिंपांवर तोच असतो. तो आकडा टीडीआय या रसायनाचा. पूर्ण नाव टोल्युईन डायआयसोसायनेट. नाव पाठ करू नका, आकडा आणि कवटी लक्षात ठेवा.

आता फोम कसा होतो ते सांगतो, म्हणजे पिंप का फुगलं ते कळेल. दोन मुख्य द्रव्यं लागतात. एक पॉलिऑल, तेलासारखं दाट आणि तसं गरीब स्वभावाचं. दुसरं आयसोसायनेट, हे मात्र तापट. ही दोन एकत्र आली की फोमचा पदार्थ बनतो. त्यात थोडं पाणी मुद्दाम घालतात. आयसोसायनेट पाण्याला भेटलं की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, आणि त्याच बुडबुड्यांनी ढोकळ्यासारखी जाळी पडते. ही रीत १९३७ साली जर्मनीत ओटो बायर यांनी शोधली. आज आपल्या गादीपासून एसटीच्या सीटपर्यंत सगळीकडे तीच आहे. साच्यात हे घडलं तर गादी होते. बूच लावलेल्या पिंपात घडलं तर वायूला जायला जागा नाही, म्हणून पिंप फुगतं आणि फुटतं.

म्हणून कारखान्यात या पिंपांचा पहिला नियम म्हणजे कोरडेपणा. शेड छपराची, खाली पक्की फरशी, सांडलं तर बाहेर वाहू नये म्हणून भोवती उंबरठ्यासारखा बांध. मोठ्या टाकीत वरच्या रिकाम्या जागेत कोरडा नायट्रोजन भरतात, दमट हवा आत जाऊ नये म्हणून. अर्धं काढलेलं पिंप लगेच बंद करायचं. पण एकदा का आत पाणी गेल्याचा संशय आला, की नियम उलटा. मग बूच घट्ट करायचं नाही. हा उलटा नियम आमच्या तिघींना कामावर कुणी सांगितला नव्हता. थंडीत टीडीआय गोठतं, साधारण चौदा अंशांच्या खाली उतरलं की. गोठलं म्हणून पिंपाखाली शेगडी लावलेली आम्ही एकदा पाहिली आहे. तसं कधीच करायचं नसतं, गरम खोलीत ठेवून हळूहळू सैल होऊ द्यायचं असतं.

काहीजणी विचारतात, हे भोपाळवालंच का? १९८४च्या डिसेंबरात दोन-तीन तारखेच्या रात्री भोपाळला जो वायू सुटला तो मिथाइल आयसोसायनेट. टाकीत पाणी शिरलं आणि आतलं तापत गेलं. ते याच घराण्यातलं, पण फार चटकन वायू होणारं आणि कीटकनाशकासाठी वापरलं जाणारं. फोमचं टीडीआय तेवढ्या वेगानं उडत नाही. म्हणून घाबरून कामावर जाऊ नका असं आम्ही म्हणत नाही. पण घराणं कोणतं ते ठाऊक असावं.

आता खरी गोष्ट. आमच्यातली एक मैत्रीण दोन वर्षं मिश्रणाच्या यंत्राजवळ झाडलोट आणि भरणीचं काम करत होती. पहिल्यांदा तिला रात्री खोकला लागायचा. दिवसभर ठीक, आणि घरी येऊन भाकरी थापून झाल्या, आडवी झाली की छाती आवळल्यासारखी. घरच्यांना वाटलं, चुलीचा धूर. दवाखान्यात थुंकीची तपासणी झाली, क्षय नव्हता. सर्दीची औषधं घेतली. दिवाळीला आठ दिवस सुट्टी लागली, खोकला गेला. कामावर गेली, परत आला. हे तिनं डॉक्टरांना सांगितलंच नाही, कारण त्यांनी विचारलं नाही आणि काम सुटेल ही भीती. बचतगटाच्या कर्जाचा हप्ता होता, मुलीची फी होती. आम्हालाही तिनं फार उशिरा सांगितलं.

आयसोसायनेटमुळे दमा होतो, आणि त्याचा त्रास काही तासांनी, कधी रात्री उठतो. म्हणून कामाशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. आणखी वाईट म्हणजे एकदा शरीरानं त्याचा धसका घेतला की मग अगदी थोड्या वाफेनंही झटका येतो. तिथे मास्क लावून निभावत नाही, त्या जागेपासून दूर जावंच लागतं. वास येतो का बघू, असंही म्हणू नका. वास यायला लागतो तोवर हवेतलं प्रमाण मर्यादेच्या वर गेलेलं असतं. कातडीवर पडूनही शरीर असं बिथरू शकतं. तोंडाला पदर किंवा धुळीचा कापडी मास्क बांधला तर वाफ अडत नाही. वाफ बाहेर ओढणारा पंखा हवा, यंत्राशेजारी हवा, आणि हातात चांगले रबरी मोजे. बांगड्यांवरून मोजे नीट बसत नाहीत, त्यावरून आमच्याकडे भांडण झालं होतं, शेवटी बांगड्या डब्यात ठेवायचं ठरलं. डबा मात्र त्या शेडमध्ये उघडायचा नाही.

दुसरी एकजण म्हणते, तेही सांग. फोम लवकर फुलावा म्हणून अमाइन नावाचं द्रव्य घालतात. त्याच्या वाफेनं संध्याकाळी परतताना तिला दिव्यांभोवती चंद्रासारखं खळं दिसायचं. ते काही तासांत जातं, पण जीप चालवणाऱ्याला असं झालं तर?

त्या मैत्रिणीला आम्ही परत डॉक्टरांकडे नेलं. यावेळी पिंपावरच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून नेला. डॉक्टरांनी पीक फ्लो मीटर नावाची नळी दिली. त्यात फुंकायचं आणि आकडा वहीत लिहायचा, कामाच्या दिवशी आणि सुट्टीच्या दिवशीही. तिसऱ्या आठवड्यात वहीच बोलायला लागली. १९४८च्या कारखाना कायद्यात, ज्या आजारांची नोंद द्यावी लागायची त्या यादीत आयसोसायनेटची विषबाधा होती. हे कागदावर दाखवल्यावर मालकांची भाषा जरा मऊ झाली. तिला आता शिवणविभागात घेतलंय. पगार थोडा कमी आहे. ती खूश आहे असं आम्ही सांगणार नाही. रात्री झोप लागते, एवढं ती म्हणते. तुमचं ईएसआय कापलं जात असेल तर कार्ड मागून घ्या, ठेकेदारामार्फत असलात तरी. कारखान्यात हवा तपासा अशी मागणी करायची असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे अर्ज देता येतो, आणि तो गटाच्या नावानं दिला तर एकटीवर राग निघत नाही.

फोम कापणाऱ्या मैत्रिणींसाठी एक. नवीन ठोकळा बाहेरून गार लागला तरी आत दीडशे अंशांच्या आसपास तापलेला असू शकतो. एकमेकांना चिकटवून रचले तर आतून पेट घेतो. निदान एक दिवस अंतर ठेवून निवू द्यायचे असतात. आणि फोम पेटला की धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर सायनाइडचा वायूही असतो. विझवायला नाही, बाहेर पळायचं.

अंगावर रसायन पडलं तर कपडा काढून साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याची धार, मग दवाखाना. जमिनीवर सांडलं तर वाळू किंवा मातीनं टिपून उघड्या डब्यात भरतात. मग त्यावर दहा लिटर पाण्यात अर्धा ते एक किलो धुण्याचा सोडा आणि थोडा पातळ साबण असं पाणी घालून दोन दिवस झाकण न लावता ठेवतात. खायचा सोडा नव्हे. हे काम मोजे आणि योग्य मास्क असणाऱ्या, शिकवलेल्या माणसाचं आहे. अंगणात करून बघू नका.

राहिली पिंपं. धुतली की चालतील ना, असं चौघींनीही विचारलं होतं. चालत नाहीत. पाण्याशी भेटून जे उरतं त्यात कॅन्सरचा संशय असलेली द्रव्यंही थोड्या प्रमाणात असतात. पाणी, धान्य, पीठ, जनावरांची पेंड, काहीच त्यात ठेवायचं नाही. अर्धं कापून गव्हाण करायला वेल्डरकडे तर मुळीच न्यायचं नाही. धोकादायक कचऱ्याच्या २०१६च्या नियमांत अशी रिकामी पिंपंही धोकादायक कचऱ्यात धरली आहेत. परवाना असलेल्याकडेच ती द्यायची असतात, म्हणजे ती बाजारात आलीच कशी हा प्रश्न आमचा नव्हे, विकणाऱ्याचा आहे. तुमच्या घरी असं पिंप असेल आणि ते कोरडं असेल तर बूच लावून सावलीत, घराबाहेर ठेवा. पाणी गेलं असेल तर बूच सैल ठेवा. फुगलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, ११२ला फोन करा.

आमची चारही पिंपं सध्या गावाबाहेर पडक्या शाळेमागे आहेत, भोवती बोरीच्या फांद्या टाकल्यात. ग्रामपंचायतीचं पत्र घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात दोनदा जाऊन आलो. कारखान्याची गाडी पुढच्या सोमवारी न्यायला येणार असं सांगितलंय. पिंपांचे पैसे भंगारवाल्यानं अजून परत दिलेले नाहीत.